कोर्ट उठेपर्यंत

९ डिसेंबर २०२४, सोमवार

आज आणखी एक साक्षीदार फितूर. मासळीच्या लिलावातल्या मारामारीची केस. ज्याचा हात मोडला होता तोच पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, जेटीवर शेवाळ होतं, पाय घसरला. जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून खाली पाहिलं, तर तो आणि आरोपी समोरच्या टपरीवर एकाच बाकावर चहा पीत बसले होते. आरोपीनं आपल्या पुड्यातलं बिस्किट त्याच्यापुढे केलं आणि त्यानं ते घेतलं.

चिडून काय होणार? लोक आम्हाला पोलिसांचे वकील समजतात. मागे एका म्हातारीनं विचारलं होतं, "बाये, तुका कोणी लावल्यान?" सरकारनं, म्हटलं. तर म्हणाली, "म्हणजे आमच्या आड."

जिल्ह्याहून परिपत्रक आलंय. सरकारी वकिलांनी गावोगाव जाऊन लोकांशी बोलावं, साक्ष म्हणजे काय, ती का द्यावी, हे समजावून सांगावं. बाररूममध्ये सगळे हसले. मी नाही हसले. मी जामसंड्याची आहे, याच माणसांत वाढले. त्यांच्याशी बोलायला मला दुभाष्या लागत नाही. हे काम मी घेतलं.

१४ डिसेंबर, शनिवार

पहिली सभा झाली. खैरखोल, धामापूरच्या पुढे. देवळाचा सभामंडप भरला होता.

खुर्च्या, माइक, चहा-भजी, सगळं बाबा वायंगणकरांनी केलं. चिरेखाणवाले, जांभ्या दगडाच्या खाणीचे मालक. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. गाव त्यांना नुसतं 'बाबा' म्हणतं. ऑक्टोबरात यांच्याच खाणीच्या डंपरखाली गावातली सकिना मुकादम गेली. सकाळी एसटीच्या थांब्याकडे चालली होती बिचारी. ती केस माझ्याकडेच आहे. म्हणून आधी जरा बिचकले, यांची व्यवस्था घ्यावी की नाही. पण आरोपी ड्रायव्हर आहे, हे नाहीत. उलट ड्रायव्हरला स्वतःच्या गाडीत घालून यांनीच पोलीस ठाण्यात आणून हजर केलं. असे मालक थोडे. आणि त्यांना नको म्हटलं असतं तर सभामंडप मिळालाच नसता.

बरं बोलले. मालवणीत बोलायचं ठरवलं होतं, पण माइक हातात आल्यावर शुद्धच येत गेलं. "जो बघतो आणि गप्प राहतो, तो गुन्ह्याला हातभार लावतो," यावर टाळ्या पडल्या. प्रश्न मात्र एकच आला, तोही जमिनीच्या मोजणीचा.

जेवण बाबांच्या घरी. सुरमईचं तिखलं, सोलकढी. मुलगा विराज वाढत होता. पंचविशीतला असेल. मान खाली, एक शब्द नाही, ताटाकडे बघूनच भात वाढायचा. निघताना बाबांच्या पत्नीनं ओटी भरली. हल्ली असे मुलगे कुठे बघायला मिळतात!

१६ डिसेंबर, सोमवार

हे आजच लिहून ठेवायला हवं.

कोर्ट सुटल्यावर एक बाई जिन्यापाशी थांबली होती. सीता घाडीगावकर, खैरखोलची. चाळिशीची. गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते. नवरा नाही, मुलगी ओवी बारावीला. शनिवारी सभेत चहा हीच देत होती म्हणे, माझ्या लक्षात नाही. आत घेतलं, खुर्ची दिली. बसली नाही.

"बाई, डंपर ड्रायवर नव्हतो चलवत. विराज होतो."

मी दार लावून घेतलं.

"मी दुधाक रस्त्यार इल्लंय. उजाडला होता. माझ्या डोळ्यांनी बघलंय. खाली उतारलो, तिका बघल्यान आणि पळान गेलो. सकिनान माझ्या मांडयेर जीव सोडल्यान. पाणी मागी होती."

इतके दिवस गप्प का राहिलात, विचारलं.

"पोलीस इले तेवा बाबा त्यांच्या वांगडाच होते. त्यांनीच सांगितल्यानी, हिना काय बघूक नाय म्हणान. मी मान हलवलंय." मग म्हणाली, "सकिना माझे ब्लाउज शिवी. पैसे कधी वेळेर दिलंय नाय, कधी बोलली नाय. तुम्ही शनवारी देवळात बोललात, बघणारो गप रवलो तर तोय गुन्हेगार. दोन राती नीज नाय माका."

जाताना दाराशी वळून विचारलं, "माझां नाव खंय येवचा नाय मां?"

कोर्टात साक्षीला उभ्या राहाल तोपर्यंत कुठेही नाही, म्हटलं. शब्द दिला.

एका सभेनं एवढं केलं. आणि त्याच दिवशी त्या मुलाच्या हातचा भात मी जेवले. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात बसत नाहीत.

२० डिसेंबर, शुक्रवार

सीताताईंचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर नोंदवून घेतला. मीच आग्रह धरला. पोलिसांपुढचा जबाब साक्षीदार उद्या फिरवू शकतो, हा नाही फिरवता येत. त्यांना समजावलं की हे तुमचं कवच आहे. एकदा हे झालं की कुणी दबाव आणून उपयोग नाही, हे समोरच्यालाही कळतं. त्यांनी सही केली. अक्षर चांगलं आहे.

संध्याकाळी बाजारात युसूफभाईंच्या दुकानात गेले. सकिनाचा नवरा. जाळी, दोरखंड, गळ विकतात. तपास पुढे सरकतोय एवढंच सांगणार होते, पण राहवलं नाही. साक्षीदार मिळाला म्हटलं. त्यांनी हातातला दोर खाली ठेवला.

"सीता बोलली?"

मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. त्यांना कसं कळलं देव जाणे.

"तिका सांभाळा, मॅडम," एवढंच म्हणाले. आनंद नाही, आभार नाहीत. जरा वाईट वाटलं. आपण ज्यांच्यासाठी धडपडतो त्यांना त्याचं काही असतं की नाही?

२६ जानेवारी २०२५, रविवार

झेंडावंदनानंतर खैरखोलला दुसरी सभा. पहिलीपेक्षा जास्त गर्दी. बाबा पुढच्या रांगेत होते. विराजबद्दल पोलिसांनी अजून काही हालचाल केलेली नाही, त्यामुळे बाबांना कल्पना नाही. त्यांच्याकडे बघून नमस्कार करताना मला अवघडल्यासारखं झालं, पण कार्यक्रम आधी ठरलेला होता.

आजचं भाषण आजवरचं सगळ्यात चांगलं. लोकांना दूरचे दाखले देऊन उपयोग नसतो, त्यांच्यातलं माणूस दाखवावं लागतं. मी म्हटलं, "धैर्य शोधायला लांब जाऊ नका. याच गावातली एक ताई, जी रोज तुमच्या मुलांसाठी धुरात उभी राहते, ती कुणाला न भिता पुढे आली. उद्या तिच्यामुळं एका बाईला न्याय मिळेल. तिच्यासारखे व्हा." नाव घेतलं नाही, अर्थातच.

सीताताई मागच्या खांबापाशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. लोक मात्र वळून वळून चहाकडे बघत होते. भाषण लांबलं असावं.

टाळ्या जरा उशिरा पडल्या. पहिली टाळी बाबांनी वाजवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विराजला अटक, आणि त्याच दिवशी जामीन. जामिनाची कलमं आहेत, त्याला इलाज नाही. पुरवणी दोषारोपपत्र मार्चमध्ये जाईल. खैरखोलहून मोर्चा येईल, घोषणा होतील अशी पोलिसांना धास्ती होती. कुणीही आलं नाही. गाव अगदी शांत. मला वाटतं, सभांचा परिणाम दिसतोय.

१८ जून, बुधवार

सीताताईंचा फोन. शाळा सुरू झाली आणि पोषण आहाराचं काम दुसऱ्या बाईला दिलं. शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव केला म्हणे.

"माझ्या जेवणात कचरो गावलो म्हणतत. नऊ वर्सां शिजवतंय मी, बाई."

ठराव दरवर्षी होतोच. समिती बदलली की माणसं बदलतात. केसशी त्याचा संबंध जोडायला पुरावा नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या म्हटलं. अर्जाचा मसुदा मी सांगते, तुम्ही लिहा, असंही म्हटलं. "बरां," म्हणाल्या. नंतर फोन आला नाही. लोकांना सगळं आयतं लागतं.

हे वाक्य लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. राहू दे. दैनंदिनीत खोटं कशाला लिहायचं?

७ ऑगस्ट, गुरुवार

साक्षीदार संरक्षणाचा माझा अर्ज मंजूर झाला. या तालुक्यात बहुतेक पहिलाच. बीट अंमलदार एक दिवसाआड मोटारसायकलवरून सीताताईंच्या घरी जाऊन चौकशी करतो, वहीवर सही घेतो. याचं श्रेय घ्यायला मला लाज वाटत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सीताताईंचा फोन. पोलीस पाठवणं बंद करा म्हणतात.

"गणवेशातलो पुरुष घराक येता. घोव नसलेली बाई मी. लोक काय म्हणतत तां तुमका सांगूक सुदा येवचा नाय."

मी समजावलं की हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे, कोर्टाचा हुकूम आहे, आपल्या मनानं बंद करता येत नाही. मग म्हणाल्या, "मगे तेका साध्या कपड्यांत येवक सांगा." मी विचारून पाहिलं. ठाणेदार म्हणाले, ड्युटीवर गणवेश लागतो.

५ ऑक्टोबर, रविवार

जामसंड्याला आईकडे. पेपरात माझ्या सभांवर बातमी आली आहे, फोटोसकट. आईनं चष्मा लावून सगळी वाचली. मग विचारलं, "ती बाई कशी आहे गो?"

कुठली?

"जी बोलली ती."

ठीक आहे, म्हटलं. आईनं पेपर घडी घालून फळीवर ठेवला. शेजारणीला दाखवायला नेईल असं वाटलं होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सीताताई आल्या होत्या, केबिनमध्ये. खूप वाळल्यात. या वेळी खुर्ची दिल्यावर लगेच बसल्या.

परवा गावची जत्रा झाली. त्या ओटी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, तर त्यांच्या पुढची रांग सरकली आणि मागची दुसऱ्या बाजूनं गेली. गुरवानं ओटी घेतली नाही. नाही असंही म्हणाला नाही, नुसता आत निघून गेला. ओवीला कॉलेजला नेणारी सहा आसनी रिक्षा आता त्यांच्या घरासमोर थांबत नाही. पोरगी फाट्यापर्यंत चालत जाते. वाण्याकडे गेलं की सामान संपलेलं असतं.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. मी नावं विचारली. कोण काय बोललं?

"कोणीच काय बोलणत नाय. तांच सांगतंय तुमका."

यावर काय कलम लावणार? कुणी काही केलेलं नाही. कुणी काही बोललेलं नाही, हीच तिची तक्रार.

जाताना म्हणाल्या, "बाई, एक दिवस तुम्ही माझ्या घराक जेवक येवा. काय केस-बिस बोला नको. नुसत्या येवा, गाडी दारात लावा, जेवा. तुम्ही इलात तां लोक बघतले. तेवढ्यान सुदा फरक पडात."

साक्षीदाराच्या घरी सरकारी वकिलानं जेवायला जाणं योग्य नाही. बचाव पक्ष दुसऱ्या दिवशी बोंब मारेल की साक्ष पढवली. हे त्यांना नीट सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"बाबांकडे जेवललात मां तुम्ही," म्हणाल्या. टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या.

तेव्हा विराज आरोपी नव्हता. हेही सांगितलं.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

आज सीताताईंची साक्ष.

मागच्या बाकांवर खैरखोलची माणसं होती. शांत, स्वच्छ कपड्यांत, हात मांडीवर ठेवून. बाबांनी मला लांबूनच नमस्कार केला. विराज आणि ड्रायव्हर आरोपींच्या जागी. युसूफभाई दाराजवळ, सोबत मुलगी अलिना.

सीताताईंनी शपथ घेतली. मी विचारलं, त्या दिवशी सकाळी काय पाहिलंत?

"माका काय दिसला नाय. धुकां होतां."

मला वाटलं, घाबरल्या आहेत. पुन्हा विचारलं. डंपर कोण चालवत होतं?

"आठवणा नाय."

सकिनाबाई तुमच्या मांडीवर गेल्या ना?

न्यायाधीश साहेबांनी उत्तर द्या म्हटलं. तेव्हा म्हणाल्या, "ती गेलेलीच होती मी पावलंय तेवा."

मी साक्षीदार फितूर घोषित करण्याची परवानगी मागितली आणि उलटतपास घेतला. या उलटतपासाबद्दल बाररूममध्ये नंतर दोघा-तिघांनी कौतुक केलं. मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबावरची सही तुमची का? माझी. शपथ घेतली होती का? घेतलेली. कुणी धाक घातला होता का तेव्हा? नाय. मग तेव्हा खोटं बोललात की आज? पैसे घेतलेत का? तेव्हा मात्र त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे. इतका वेळ त्या खालीच बघत होत्या.

"नाय, बाई," म्हणाल्या.

खाली उतरताना त्यांचा पाय पायरीवरून निसटला. ज्यानं हात देऊन धरलं तो खैरखोलचाच माणूस होता. सीताताईंना गावकऱ्यांनी आपल्याच गाडीतून नेलं. ओवी त्या गाडीत आधीच बसली होती, मधल्या सीटवर, दोघांच्या मध्ये. मला वरून दिसलं.

काय मिळालं असेल तिला? कामावर परत घेतलं असेल. नाहीतर मुलीची फी. एवढ्यासाठी?

मी वर्षभर गावोगाव काय सांगत फिरले? आणि ज्या एका बाईचा दाखला देत होते, तीच.

३० जानेवारी, शुक्रवार

निकाल. दोघेही निर्दोष. ड्रायव्हरनं पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, आणि डोळ्यांनी पाहणारी तेवढी एकच होती. सकिना कुणाच्याच हातून मेली नाही, असा या निकालाचा अर्थ.

साहेबांनी निकालपत्रात सीता घाडीगावकर शपथेवर खोटं बोलल्याचं मत नोंदवलं. कारवाईचा आग्रह आहे का, मला विचारलं. मी आधीच ठरवलं होतं. पुढच्या वेळी साक्षीदारांनी असं करण्याआधी विचार केला पाहिजे. नाहीतर सभा घ्यायच्या कशाला?

आहे, म्हटलं.

जिन्यात युसूफभाईंनी गाठलं. "मॅडम, तिका सोडा."

तुमच्या बायकोचा जीव घेणारा तिच्यामुळं सुटला, म्हटलं. आवाज चढला माझा.

"तिच्यामुळां?" ते हळूच म्हणाले. "तुम्ही झेंड्याच्या दिवशी देवळात बोललात, तेवा मी भायर पायरेर होतंय. तुम्ही बोललात आणि अख्ख्या गावान वळान तिच्याकडे बघल्यान. तिच्या हातातले कप वाजाक लागले."

मी नाव घेतलं नव्हतं.

"नाव कित्याक घेवक व्हया, मॅडम? शाळेत धुरात उभी रवणारी गावात एकच होती."

त्यांना सांगितलं की दोषारोपपत्रात नाव येणारच होतं, आरोपीला प्रत द्यावीच लागते, कायदाच तसा आहे. ते ऐकून घेत होते. वाद घातला नाही. अलिनाचा हात धरून खाली गेले.

मार्चमध्ये नाव बाहेर येणारच होतं. मी जानेवारीत बोलले. एवढ्या दिवसांनी काय फरक पडला असता? मी नाव घेतलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

जिल्ह्याहून पत्र. संपूर्ण जिल्ह्यासाठी या सभांची जबाबदारी माझ्यावर. पहिला कार्यक्रम मार्चमध्ये फोंडाघाटला. आईला फोन केला. "बरं," म्हणाली. मग तिनं देवगडचे आंबे यंदा उशिरा येणार, यावरच बोलणं नेलं.

सीताताईंवरच्या कारवाईचा अर्ज अजूनही मागे घेता येईल का, असा विचार आज दोनदा आला. साहेबांना काय सांगायचं? सरकार पक्षाचा आग्रह का बदलला, त्याचं कारण द्यावं लागेल. कारण काय देणार?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सीताताई हजर झाल्या, एकट्याच. वकील दिला नव्हता. साहेबांनी विचारलं, खोटी साक्ष दिली हे कबूल आहे का? त्या म्हणाल्या, "व्हय."

का दिलीत?

"चेडू आसा माका."

मुलीपलीकडे आणखी काही सांगायचंय का, साहेबांनी विचारलं. नाय, म्हणाल्या. माझ्याकडे साहेबांनी पाहिलं. शिक्षेबाबत सरकार पक्षाचं म्हणणं? मी म्हटलं, योग्य ती व्हावी. आणखी दोन वाक्यं तयार करून नेली होती, ती बोलले नाही.

कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे कोर्टाचं कामकाज संपेपर्यंत तिथंच बसून राहायचं. सगळ्यात हलकी शिक्षा. साहेबांनी दया दाखवली असंच म्हणतील सगळे.

शिपायानं त्यांना मागच्या बाकाच्या टोकाला बसवलं. मी माझ्या टेबलापाशी. माझे साक्षीदार होते, जामीन अर्ज होते, एक दारूची केस होती. प्रत्येक वेळी उभी राहिले की त्या दिसायच्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. दुपारी त्या बाकावर कुणीच बसलं नाही. लोक आले की पुढच्या बाकावर दाटीवाटीनं बसायचे.

जेवणाच्या सुट्टीत मी केबिनमध्ये गेले. डबा उघडला आणि बंद केला. परत आले तेव्हा त्या बाकावर युसूफभाई बसले होते. मधे स्टीलचा डबा उघडा, भाकरी आणि सुकटीची चटणी. सीताताई जेवत नव्हत्या.

"खा गो," ते म्हणत होते. "अलिनान केल्यान."

"माका गळ्यात उतरणा नाय, युसूफभाई. कसां उतरात?"

"सकिनान खाल्लान असता काय तुका उपाशी ठेवन?"

मग त्यांनी एक तुकडा मोडला. तोंडात घातला, पण बराच वेळ चावत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मी फाईलमध्ये पानं उलटत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. युसूफभाईंनीही नाही. मुद्दाम नव्हे. मी तिथं नसल्यासारखीच होते.

युसूफभाई गेले नाहीत. दुकान बंद ठेवून संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

शेवटची केस झाली. साहेब उठले, सगळे उभे राहिले. सीताताईही उभ्या राहिल्या, आणि साहेब आत गेल्यावर पुन्हा बसल्या. सुटल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिरस्तेदारांनी रोजनाम्यात लिहिलं, आरोपीने शिक्षा भोगली. सीताताईंना आरोपी म्हटलेलं मी पहिल्यांदाच वाचलं. सकिनाच्या मरणात शिक्षा भोगलेलं ते एकच माणूस.

मी बाकापाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"झालं, सीताताई. जा आता."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली, उठल्या, आणि मला विचारलं, "खंय?"

युसूफभाईंनी डबा बंद केला. "चल गो," म्हणाले, "ओवी आमच्याकडेच आसा." दोघं जिना उतरून गेले.

मी गाडी काढली तेव्हा ते एसटीच्या थांब्यावर उभे होते. काच खाली करून विचारणार होते, सोडू का. मागून कुणीतरी हॉर्न दिला, आणि मी पुढे गेले.